तीन पीसीवर डेटाबेस उघडत नाही, बाकी सगळीकडे चालतो: ॲक्सेसची शेअर्ड फाइल कशी तपासायची

सकाळी साडेदहाला फोन येतो आणि वाक्य ठरलेलं असतं, "सर, आपला डेटाबेस बंद पडलाय." बंद म्हणजे नक्की काय, असं खोदून विचारलं की कळतं नऊपैकी सहा पीसीवर मस्त चालू आहे, तीनवर नाही, आणि त्या तीनातला एक साहेबांचा आहे म्हणून "बंद पडलाय". मी पुण्याच्या आसपास छोट्या ऑफिसांची एएमसी (कॉम्प्युटरच्या देखभालीचं वार्षिक कंत्राट) करतो आणि हा प्रकार इतक्या वेळा बघितलाय की आता एकदाच सगळं लिहून काढतो.

आधी सांगतो मी कुठल्या डेटाबेसबद्दल बोलतोय. मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस. कोणीतरी पंधरा वर्षांपूर्वी चलन, स्टॉक, सर्व्हिस कॉल असलं काहीतरी बनवून दिलेलं असतं, बनवणारा माणूस कधीच नोकरी सोडून गेलेला असतो आणि फाइल एका पीसीवर शेअर केलेल्या फोल्डरमध्ये पडलेली असते. त्या पीसीला सगळे "सर्व्हर" म्हणतात पण तो असतो साधा विंडोज टेन किंवा इलेव्हनवाला डबा, बऱ्याचदा त्यावर अकाउंट्सच्या मॅडम टॅलीचं काम पण करतात. एसक्यूएल सर्व्हर, म्हणजे मायक्रोसॉफ्टचाच मोठा डेटाबेस, वापरणाऱ्यांनी इथून पुढे वाचलं तरी चालेल पण त्यांची दुखणी वेगळी.

आता पहिली गोष्ट, आणि माझ्या मते अर्धं काम इथेच होतं. फाइलला हात लावायचा नाही. लोक घाईघाईत कॉम्पॅक्ट अँड रिपेअर (फाइल आवळून दुरुस्त करायची ॲक्सेसची सोय) मारतात, ते पण बाकीचे सहाजण आत बसलेले असताना. अहो सहा ठिकाणी फाइल चालतेय याचा अर्थ फाइल बहुतेक ठीक आहे, गडबड आहे ती पीसीमध्ये, वायरमध्ये, परवानगीत नाहीतर ऑफिसच्या व्हर्जनमध्ये. म्हणजे शोधायचं काय, तर चालणाऱ्या पीसीत आणि न चालणाऱ्या पीसीत फरक काय. एक कोरा कागद घ्या, नऊ ओळी मारा, प्रत्येक पीसीपुढे लिहा: विंडोज कुठलं, ऑफिस कुठलं, ३२ बिट की ६४ बिट, वायरवर की वायफायवर, शेअर्ड फोल्डर कुठल्या अक्षराचा ड्राइव्ह म्हणून मॅप केलाय म्हणजे जोडलाय, आणि मेसेज शब्द न शब्द काय आला. "एरर येतोय" हे उत्तर चालत नाही, मोबाइलवर फोटो काढून पाठवा म्हणायचं. या कागदाला वीस मिनिटं लागतात आणि तो दिवस वाचवतो.

अजून एक प्रश्न जो कोणी विचारत नाही: सकाळी फाइल सगळ्यात आधी कोणी उघडली? हा का विचारायचा ते पुढे येतंच.

फोल्डर तरी उघडतोय का

न चालणाऱ्या पीसीवर ॲक्सेस बाजूला ठेवा आणि फाइल एक्सप्लोररमधून तो शेअर्ड फोल्डर उघडून बघा. उघडला? मग त्यात राइट क्लिक करून एक रिकामी टेक्स्ट फाइल बनवा, तिचं नाव बदला आणि डिलीट करा. तिन्ही जमलं तर त्या पीसीपुरता परवानगीचा विषय तिथेच संपला. फोल्डरच उघडत नसेल तर हा डेटाबेसचा प्रॉब्लेम नाहीच, नेटवर्कचा आहे, आणि तिथे मी या क्रमाने जातो.

सर्व्हरचं नाव टाकून उघडत नाही पण आयपी पत्ता टाकला की उघडतं, असं असेल तर नाव शोधण्यात घोळ आहे. राउटर रोज नवीन आयपी वाटत असेल तर सर्व्हरवाल्या पीसीला फिक्स आयपी देऊन टाका. आयपीने पण नाही उघडलं तर सर्व्हरवर जाऊन बघा नेटवर्क "पब्लिक" झालंय का, कारण राउटर बदलला की विंडोजला ते नवीन नेटवर्क वाटतं आणि फायरवॉल फाइल शेअरिंगचा ४४५ पोर्ट बंद करून टाकतं. ते "प्रायव्हेट" केलं की झालं. पण असं असेल तर सगळेच पीसी बंद पडायला हवेत, दोनतीनच नाही, म्हणून तुमच्या केसमध्ये जास्त शक्यता पासवर्डची.

पासवर्डचं असं असतं की सर्व्हरवरच्या युजरचा पासवर्ड कोणीतरी बदलतं, ज्या पीसींनी जुना पासवर्ड साठवून ठेवलाय ते बाहेर पडतात. कंट्रोल पॅनलमध्ये क्रेडेन्शियल मॅनेजर उघडा, विंडोज क्रेडेन्शियल्समध्ये सर्व्हरच्या नावाची नोंद काढून टाका आणि परत लॉगिन करा. इथे दोन गमती लक्षात ठेवा. एक म्हणजे चार आकडी पिन हा नेटवर्कवर चालत नाही, तो फक्त त्या पीसीपुरता असतो, तिथे खरा पासवर्डच लागतो, आणि लोक दहादा पिन टाकून "पासवर्ड बरोबर आहे तरी घेत नाही" म्हणतात. दुसरी, ज्या युजरला पासवर्डच ठेवलेला नाही त्याला विंडोज नेटवर्कवरून आत घेतच नाही, ही डिफॉल्ट सेटिंग आहे. आणि १२१९ नंबरचा एरर आला, म्हणजे एकाच सर्व्हरला दोन वेगळ्या युजरनेमने जोडलंय असं तो म्हणत असेल, तर सगळे मॅप केलेले ड्राइव्ह तोडून रिस्टार्ट करून एकाच युजरने जोडा.

नवा लॅपटॉप आलाय आणि फक्त त्यालाच फोल्डर दिसत नाही, आणि तुमची फाइल एखाद्या जुन्या नॅस बॉक्सवर (नेटवर्कला जोडलेला फाइली ठेवायचा डबा) आहे? विंडोज टेनच्या १७०९ व्हर्जनपासून जुनं एसएमबी १, म्हणजे फाइल शेअरिंगची जुनी पद्धत, नव्या इन्स्टॉलमध्ये एकतर येत नाही किंवा वापर नसेल तर आपोआप निघून जातं, आणि विंडोज इलेव्हनच्या २४एच२ मध्ये प्रो आवृत्तीवर बिनपासवर्डचा गेस्ट प्रवेश पण बंद आणि एसएमबी सायनिंग (प्रत्येक देवाणघेवाणीवर डिजिटल सही) पण सक्तीचं. जुने पीसी त्याच बॉक्सवर आरामात चालतात आणि नवीन कोरा करकरीत लॅपटॉप ढिम्म. नेटवर तुम्हाला एसएमबी १ परत चालू करायचे व्हिडिओ सापडतील, करू नका, २०१७ साली वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस याच दारातून आला होता. नॅसचं फर्मवेअर अपडेट करा, त्यावर नावापासवर्डाचा युजर बनवा.

आणि वीस. साध्या विंडोज टेन किंवा इलेव्हनला एका वेळी जास्तीत जास्त वीस पीसी जोडायची मुभा आहे. ऑफिस वाढतं, एकविसावा माणूस येतो, तो रोज वेगळा असतो कारण जो उशिरा येतो तो बाहेर राहतो. असं फिरतं दुखणं दिसलं की आधी डोकी मोजा.

फोल्डर उघडतो, फाइल उघडत नाही

आता खरी मजा. ॲक्सेसची फाइल कोणी उघडली की त्याच फोल्डरमध्ये त्याच नावाची एक छोटी लॉक फाइल तयार होते, नव्या डॉट एसीसीडीबी फाइलसाठी डॉट एलएसीसीडीबी, जुन्या डॉट एमडीबीसाठी डॉट एलडीबी. आत कोण कोण बसलंय आणि कुठली रेकॉर्ड कोणी धरलीय याचा हिशोब ती ठेवते आणि शेवटचा माणूस बाहेर पडला की पुसली जाते. म्हणजे प्रत्येक माणसाला फक्त फाइल लिहायची परवानगी असून भागत नाही, त्या अख्ख्या फोल्डरमध्ये फाइल बनवायची आणि डिलीट करायची पण परवानगी लागते. अतिहुशार आयटीवाले "कोणी काही डिलीट करू नये" म्हणून फोल्डर बंद करतात आणि फक्त फाइलवर परवानगी देतात. तिथून वाट लागते.

कशी ते माझ्याच एका केसवरून सांगतो. नऊ पीसीचं ऑफिस. अकाउंट्सच्या पीसीवर आठवड्यातून दोनतीनदा सकाळी फाइल उघडायची नाही, "दुसऱ्या युजरने एक्सक्लुझिव्ह उघडलीय किंवा तुम्हाला परवानगी नाही" असा ३०५१ नंबरचा मेसेज. दुपारी आपोआप ठीक. मी तो पीसी फॉरमॅट केला. हो, केला, लाज वाटते सांगायला. ऑफिस परत टाकलं. चार दिवस बरं चाललं आणि पुन्हा तेच. मग शेवटी तो प्रश्न विचारला, ज्या दिवशी बंद पडतं त्या दिवशी आधी कोण येतं? तर डिस्पॅचला एक नवीन मुलगा लागला होता, तो कधीकधी साडेनऊलाच यायचा. त्याच्या युजरला फाइलवर लिहायची परवानगी होती पण फोल्डरमध्ये नवीन फाइल बनवायची नव्हती. तो पहिला आला की लॉक फाइल बनायचीच नाही, आणि लॉक फाइल बनवता आली नाही की ॲक्सेस फाइल त्या एकट्यासाठी उघडतं, बाकीच्यांना दार बंद. दुसरं कोणी आधी आलं तर लॉक फाइल आधीच तयार असायची आणि सगळं सुरळीत. म्हणजे ज्या पीसीवर एकदाही एरर आला नाही तोच चोर, आणि फॉरमॅट झाला बिचारा अकाउंट्सचा.

तर परवानगी बघताना दोन ठिकाणी बघायची. फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये शेअरिंगचा टॅब आणि सिक्युरिटीचा टॅब, दोन्हीत जे कडक असेल ते लागू होतं. शेअरिंगमध्ये नुसतं "एव्हरीवन, रीड" असतं, विंडोज डिफॉल्टने तेवढंच देतं, आणि लोक सिक्युरिटीत फुल कंट्रोल देऊन बसतात आणि विचारतात की चालत का नाही. दोन्हीकडे त्या ग्रुपला बदल करायची परवानगी द्या, फाइलवर नाही, फोल्डरवर.

लॉक फाइल नोटपॅडमध्ये उघडली तर त्यात पीसीची नावं दिसतात, हे फार उपयोगी आहे, पण एक धोका: माणूस बाहेर पडल्यावर त्याचं नाव लगेच पुसलं जात नाही. त्यामुळे नाव दिसलं म्हणून जाऊन भांडू नका. खरं कोण आत आहे ते सर्व्हरवर कॉम्प्युटर मॅनेजमेंट, शेअर्ड फोल्डर्स, ओपन फाइल्स मध्ये दिसतं. सगळे बाहेर पडले तरी लॉक फाइल तशीच राहिली असेल तर डिलीट करून बघा, होत नसेल तर कोणीतरी अजून आत आहे, किंवा एखादा पीसी हँग होऊन फाइल धरून बसलाय.

कधीकधी मेसेज स्वतःच नाव सांगतो, की अमुक मशीनवरच्या ॲडमिन युजरने डेटाबेस अशा अवस्थेत ठेवलाय की उघडता येत नाही. तो "ॲडमिन" म्हणजे तुमचा ॲडमिन नाही, ॲक्सेस सगळ्यांनाच ॲडमिन म्हणतं, मशीनचं नाव तेवढं बघायचं. त्या पीसीवर बहुतेक कोणीतरी फॉर्म डिझाइन व्ह्यूमध्ये (फॉर्ममध्ये बदल करायच्या खिडकीत) उघडून ठेवलाय. किंवा त्याच्या ॲक्सेस ऑप्शन्समध्ये क्लायंट सेटिंग्जच्या खाली डिफॉल्ट ओपन मोड "एक्सक्लुझिव्ह" आहे, तो "शेअर्ड" करा.

उघडते पण चालत नाही

साहेबांच्या नव्या लॅपटॉपची तऱ्हा हीच होती. फाइल उघडते, मेन मेन्यू दिसतो, बटण दाबलं की काहीच नाही. इथे आधी वरची पिवळी पट्टी बघा, मॅक्रो, म्हणजे फाइलमधला कोड, बंद असतील. नेटवर्कवरचा फोल्डर ट्रस्टेड लोकेशनमध्ये टाकावा लागतो आणि त्यासाठी ट्रस्ट सेंटरमध्ये नेटवर्कवरच्या लोकेशनला परवानगी देणारी वेगळी टिक आहे, ती नाही केली तर तो फोल्डर घेतच नाही. ही सेटिंग प्रत्येक पीसीवर प्रत्येक युजरची वेगळी असते, म्हणूनच काही ठिकाणी चालतं आणि काही ठिकाणी नाही. फाइल मेलने किंवा व्हॉट्सॲप वेबवरून आलेली असेल तर तिच्या प्रॉपर्टीजमध्ये खाली "अनब्लॉक" आहे का ते पण बघा, २०२२ पासून ऑफिस अशा फाइलमधले मॅक्रो सरळ अडवतं.

लॅपटॉपवर मॅक्रो चालू केले तर पुढचा दगड लागला, कंपाइल एरर, कोड ६४ बिटसाठी बदलावा लागेल वगैरे. हा आजकालचा सगळ्यात मोठा झोल आहे. ऑफिस २०१० पासून ६४ बिटमध्ये मिळतं पण तेव्हा सगळे ३२ टाकायचे, २०१९ पासून इन्स्टॉलर स्वतःहून ६४ टाकतो. म्हणजे जुने आठ पीसी ३२ वर आणि नवीन लॅपटॉप गुपचूप ६४ वर. बघायचं कुठे तर ॲक्सेसमध्ये फाइल, अकाउंट, अबाउट ॲक्सेस, तिथे वरच्या ओळीतच लिहिलेलं असतं. विंडोज ६४ बिट असणं वेगळं आणि ऑफिस ६४ बिट असणं वेगळं, हे दहापैकी आठ लोक गोंधळतात.

त्याचे परिणाम पण वेगवेगळ्या तोंडाने बाहेर येतात. कोडमध्ये विंडोजच्या डीएलएलला (तयार कोडच्या फाइलींना) बोलावणाऱ्या डिक्लेअरच्या ओळी असतील तर तिथे पीटीआरसेफ हा शब्द घालावा लागतो. फाइल डॉट एसीसीडीई केलेली असेल, म्हणजे कोड लॉक करून दिलेला, तर ३२ वर बनवलेली ६४ वर उघडणारच नाही, मूळ फाइल नसेल तर विषय संपला. आणि एक्सेलचं मॅक्रो किंवा दुसरं बिलिंग सॉफ्टवेअर डेटाबेसमधून वाचत असेल तर "प्रोव्हायडर इज नॉट रजिस्टर्ड ऑन द लोकल मशीन" येतं, प्रोव्हायडर म्हणजे दुसऱ्या प्रोग्रॅमला डेटाबेस वाचून देणारा दुवा. जुना जेट ४.० प्रोव्हायडर तर ६४ बिटमध्ये कधी आलाच नाही. ओडीबीसी, म्हणजे प्रोग्रॅम डेटाबेसला जोडायची विंडोजची सोय, वापरत असाल तर अजून एक चकवा, विंडोजमध्ये दोन ओडीबीसी ॲडमिनिस्ट्रेटर असतात, सिस्टम३२ फोल्डरमधला ६४ बिटचा आणि सिसवाव६४ मधला ३२ बिटचा. हो, नावं बरोबर उलटी आहेत, छापायची चूक नाही. तुम्ही एकात डीएसएन (त्या जोडणीची नोंद) बनवता आणि प्रोग्रॅम दुसऱ्यात शोधतो.

उपाय? सरळ आणि कंटाळवाणा: त्या लॅपटॉपवरचं ऑफिस काढून ३२ बिट टाका, बाकीच्यांसारखं. तत्त्वाला धरून कोड दुरुस्त करणं चांगलं, पण कोड लिहिणारा माणूस आता दुबईला असतो आणि साहेबांना जीएसटी रिटर्नच्या आधी चलनं हवी असतात. एकाच पीसीवर दोन्ही बिटची इंजिनं जबरदस्ती बसवायचे जुगाड नेटवर आहेत, मी केलेत, पुढच्या ऑफिस अपडेटला ते माझ्याच अंगावर आलेत.

तिसरा पीसी गोदामातला. तिथे फाइल उघडायची पण कुठलाही फॉर्म उघडला की "इज नॉट अ व्हॅलिड पाथ". डेटाबेस दोन तुकड्यात होता, फॉर्म एका फाइलमध्ये आणि टेबलं दुसऱ्या, आणि लिंक होती झेड ड्राइव्हला. या पीसीवर कोणीतरी तोच फोल्डर वाय म्हणून मॅप केलेला, कारण झेडवर स्कॅनरचा फोल्डर होता. म्हणून ड्राइव्हच्या अक्षरावर लिंक ठेवूच नये, लिंक्ड टेबल मॅनेजरमध्ये जाऊन दोन बॅकस्लॅश, सर्व्हरचं नाव, फोल्डर असा पूर्ण पत्ता द्यावा, मग कोणाचं अक्षर काय आहे याने फरक पडत नाही.

अजून एक जो मला फार छळतो. एका पीसीवर तारखेचं किंवा लेफ्ट, मिड असलं साधं फंक्शन सुद्धा "कान्ट फाइंड प्रोजेक्ट ऑर लायब्ररी" म्हणतं. वाटतं विंडोजच गेलं. पण कोडच्या खिडकीत टूल्स, रेफरन्सेस उघडा, एका ओळीपुढे "मिसिंग" लिहिलेलं असेल. त्या एका हरवलेल्या लायब्ररीमुळे बाकीची निरोगी फंक्शनं पण कोसळतात. बऱ्याचदा कोणीतरी नवीन ऑफिसवर फाइल उघडून सेव्ह केली आणि रेफरन्स वरच्या व्हर्जनचा झाला असं असतं. गरज नसेल तर टिक काढा.

"अनरेकग्नाइज्ड डेटाबेस फॉरमॅट" फक्त जुन्या ऑफिसवर येत असेल तर कोणीतरी नव्या व्हर्जनमध्ये टेबलात लार्ज नंबर सारखा नवा डेटाटाइप घातलाय, २०१३ आणि त्याआधीच्यांना तो कळत नाही. सगळ्याच पीसीवर आला तर मात्र फाइल खराब झालीय, बॅकअप शोधायला घ्या.

आणि कधीकधी चूक खरंच आपली नसते. १२ नोव्हेंबर २०१९ चा ऑफिस अपडेट ज्या पीसीवर गेला तिथे साध्या अपडेट क्वेऱ्या (डेटा बदलायच्या सूचना) "क्वेरी इज करप्ट" म्हणायला लागल्या, एरर ३३४०, शेजारच्या बिनअपडेटवाल्या पीसीवर तीच क्वेरी व्यवस्थित. मायक्रोसॉफ्टचीच चूक, नंतर दुरुस्त केली. म्हणून त्या कागदावर शेवटचा अपडेट कधी झाला तो कॉलम पण असू द्या, काल चालत होतं आणि आज सकाळी ठराविक पीसीवरच नाही, तर आधी अपडेटची हिस्टरी.

एरर नाही, आकडे वेगळे

हे सगळ्यात वाईट, कारण कोणाला कळतच नाही. एका पीसीवर ५ एप्रिलची एंट्री टाकली ती ४ मेला दिसतेय. त्या पीसीवर विंडोजचं रीजन अमेरिकेचं आहे, म्हणून ०५/०४ टाइप केलं की तो ४ मे समजतो. १३ तारखेपासून पुढे गडबड होत नाही कारण तेरावा महिना नसतो, म्हणून महिन्याचे पहिले बारा दिवसच चुकतात आणि लोक म्हणतात कधीकधी चुकतं. नवीन लॅपटॉपवर रीजन इंग्लिश इंडिया करा, तारीख दिवस-महिना-वर्ष. आणि कोडमध्ये तारीख जोडून क्वेरी बनवलेली असेल तर हे सगळ्याच पीसीवर होतं, ॲक्सेसचं एसक्यूएल दोन हॅशमधली तारीख आधी महिना असंच वाचतं, विंडोजला विचारतच नाही. तिथे तारीख वर्ष-महिना-दिवस अशा क्रमात फॉरमॅट करून द्यायची. एप्रिलमध्ये आर्थिक वर्ष बदलताना हे सापडलं तर नशीब समजा, ऑडिटला सापडलं तर नाही.

मराठीचं पण एक. जुन्या डेटाबेसात ग्राहकांची नावं श्रीलिपी वगैरे जुन्या फॉन्टमध्ये भरलेली असतील तर ज्या पीसीवर तो फॉन्ट नाही तिथे इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते. डेटा खराब नाही, फॉन्ट टाका. नावं युनिकोडमध्ये असूनही फक्त मेसेज बॉक्समध्ये प्रश्नचिन्हं येत असतील तर तो कोडच्या खिडकीचा दोष, तिला युनिकोड कळत नाही, पीसी बदलून उपयोग नाही.

मध्येच तुटतं

"नेटवर्क ॲक्सेस वॉज इंटरप्टेड" किंवा "डिस्क ऑर नेटवर्क एरर". तो पीसी वायफायवर असेल तर पुढचं वाचायची गरज नाही, वायर टाका. ॲक्सेसला क्षणभर तुटलेलं कनेक्शन सुद्धा सहन होत नाही, आणि नेमकं लिहिताना तुटलं तर फाइल सगळ्यांसाठी बिघडते. युट्यूब चालतंय म्हणजे वायफाय चांगलं, हा युक्तिवाद साहेब करतील, ऐकू नका.

वायरवर असूनही तुटतंय तर सर्व्हरवाला पीसी झोपतो का ते बघा, जेवायच्या सुट्टीनंतरच नेहमी तक्रार येत असेल तर नक्की तेच, पॉवर सेटिंगमध्ये स्लीप "नेव्हर". आणि मग स्विच. सगळे पीसी यूपीएसवर आणि भिंतीवरचा पाचशे रुपयांचा नेटवर्क स्विच साध्या प्लगवर, असं मी किती ठिकाणी बघितलंय. लाइट अर्धा सेकंद लुकलुकते, पीसी चालूच राहतात, स्विच रिस्टार्ट होतो आणि त्या स्विचवरचे चारजण एकदम बाहेर. गुरुवारी मेंटेनन्सला लाइट जाते तेव्हा तर ठरलेलं. स्विच आणि राउटर दोन्ही यूपीएसवर घ्या, त्यांना वीज लागते कितीशी.

फाइल ठीक असताना दोघंतिघं आत आले की "इनकन्सिस्टंट स्टेट" चा मेसेज रोज येतोय, हे २०१८ च्या सुमारास विंडोज टेनच्या १८०३ अपडेटनंतर खूप झालं. कारण विंडोज पीसीला फाइलचा तुकडा स्वतःकडे धरून ठेवायची मुभा देतं, त्याला लीझिंग म्हणतात, आणि ॲक्सेसशी ते जुळलं नाही. फाइल जिथे ठेवलीय त्या पीसीवर रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंग्जच्या यादीत) लॅनमॅनसर्व्हरच्या पॅरामीटर्सखाली डिसेबललीझिंग नावाची डीवर्ड (आकडा ठेवायची नोंद) बनवून किंमत १ द्यायची आणि रिस्टार्ट करायचं. मायक्रोसॉफ्टनेच सांगितलेला तात्पुरता उपाय आहे. विंडोज अपडेट आधी पूर्ण करून घ्या, तरी राहिलं तरच हे.

वनड्राइव्ह, गुगल ड्राइव्हच्या फोल्डरमध्ये फाइल ठेवून "शेअर" केलेली असेल तर मी फोन ठेवतो. गंमत नाही. तिथे प्रत्येकाकडे वेगळी कॉपी असते, शेवटी सेव्ह करणाऱ्याची राहते किंवा दोन फाइली तयार होतात, आणि कोणाची खरी हे देवाला माहीत.

सगळं चालू झाल्यावर

फाइल अजून एकाच तुकड्यात असेल तर संध्याकाळी सगळे गेल्यावर बॅकअप घेऊन डेटाबेस टूल्समधून स्प्लिट करा. टेबलं सर्व्हरवर, फॉर्म आणि कोड प्रत्येकाच्या पीसीवर आपापली कॉपी. एकच फॉर्मची फाइल सर्व्हरवर ठेवून नऊजणांनी शॉर्टकटने उघडणं म्हणजे स्प्लिट नाही, तो नुसता देखावा. डेस्कटॉपवर एक बॅच फाइल द्या जी उघडताना सर्व्हरवरून ताजी कॉपी आणते, मग बदल केला की नऊ टेबलांवर फिरायला नको. ज्यांना फक्त एंट्री करायचीय त्यांना ॲक्सेस रनटाइम (फाइल फक्त चालवणारी आवृत्ती) फुकट मिळतो, फक्त बिट सगळ्यांचं सारखं ठेवा.

फाइलचा आकार महिन्यातून एकदा बघा. २ जीबी ही ॲक्सेसची हद्द आहे, तिथे पोचली की ती सगळ्यांनाच थांबवते, आणि चलनाचे स्कॅन केलेले फोटो टेबलात ठेवत असाल तर तुमच्या अंदाजाआधी पोचेल. कॉम्पॅक्ट अँड रिपेअर आता करा, सगळे बाहेर असताना, आधी कॉपी काढून, आणि फाइल लोकल डिस्कवर आणून, नेटवर्कवरून नाही.

त्या नऊ पीसीच्या ऑफिसात आता बरं चाललंय. सर्व्हरच्या प्लगवर मी मराठीत मोठी चिठ्ठी चिकटवलीय, "हे बटण बंद करू नये". दिवाळीच्या साफसफाईत मामांनी ती काढून टाकली आणि बटण बंद केलं, मग मी चिठ्ठी परत लावली आणि बटणावर सेलोटेप पण मारली.